समोरच्या बाजूचे टाके

झेलिहाच्या नजरेला पडेल अशा जागी कायाबाशी गावात कोणी जुनं कापड वाळत घालत नसे. ती चोरी करायची नाही. नुसती दोरीजवळ थांबायची, सदऱ्याची बाही दोन बोटांत धरून चोळायची आणि घरातल्या बाईला विचारायची, "हा आता किती दिवस टिकेल गं?" तिनं विचारलं की त्या सदऱ्याचे दिवस भरलेच. चार दिवस बाई टाळाटाळ करायची, पाचव्या दिवशी स्वतःच धुऊन, घडी करून तिच्या ओट्यावर ठेवून यायची.

त्याची दुलई व्हायची. गावात मूल जन्मलं की झेलिहाची दुलई. पोरगा फौजेत निघाला की दुलई. शाळेचा मास्तर बदलून गेला तेव्हा त्यालाही दिली, आणि त्या दुलईत त्याच्याच वर्गातल्या पोरांच्या शाळेच्या काळ्या झग्यांचे तुकडे होते. मास्तर मोटारीत बसल्यावर ती मांडीवर घेऊन रडला असं ड्रायव्हर सांगत होता. तालुक्याच्या बाजारातला एक दुकानदार दुलया विकत मागायला आला होता. झेलिहानं त्याला भरडलेल्या गव्हाचा भात आणि ताक दिलं, आणि तो जेवत असताना खुंटीवरच्या त्याच्या कोटाचं अस्तर उलटून पाहिलं. दुकानदार कोट घेऊन गेला तो परत आला नाही.

"मी मेलो की आंघोळ घालायच्या आत ही माझी विजार कापायला घेईल," तिचा नवरा दुरसून कॉफीच्या दुकानात सांगायचा. दुरसून उंच, हाडापेरानं मोठा, जर्दाळूच्या झाडांवर कलमं बांधण्यात हुशार. आवाज असा की डोंगराच्या पलीकडल्या मेंढ्या मान वर करतील.

दुलई एकटीनं होत नाही. वरचं ठिगळांचं कापड आणि खालचं अस्तर यांच्यामध्ये लोकर भरली की दोघींनी समोरासमोर बसायचं, मधोमध सुरुवात करायची आणि टाके घालत घालत कडेकडे सरकायचं. झेलिहाच्या समोर नेहमी नाझीफे असायची. ओढ्यापलीकडे तिचं घर. दोघींची लग्नं होण्याआधीपासून त्या अशा बसत आल्या होत्या. नाझीफेला शिवणाची फारशी आवड नव्हती, तिला बोलायला आवडायचं. हात रिकामा असला की तिला बोलता यायचं नाही म्हणून ती सुई धरायची.

त्या वर्षी हिवाळ्यात बर्फ नावापुरतं पडलं. चैत्र सरला तशी डोंगरातल्या झऱ्याची धार मनगटाएवढी होती ती बोटाएवढी झाली. सगळं गाव त्या झऱ्यावर जगणारं. पाणी वरच्या हौदात साठवायचं आणि पाळीपाळीनं पाटाला सोडायचं. घेवड्याची पानं दुपारी कानकोंडी होऊन लोंबायला लागली. लोक एकमेकांच्या पाळीवर डोळा ठेवायला लागले.

नाझीफेच्या मुलीचं, नर्गिसचं, लग्न ठरलं होतं. घाटापलीकडच्या गावचा मुलगा. अक्रोड उतरवले की लग्न. झेलिहाकडं नर्गिसच्या नावाचं गाठोडं तिच्या बारशापासून बांधलेलं होतं आणि दरवर्षी त्यात काहीतरी पडत होतं.

एके सकाळी दुरसून दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी शेतात वळवायला, गेला तर पाटाला पाणी नाही. पाळी त्याची. तो फावडं खांद्यावर टाकून पाटाच्या कडेनं वर गेला. नाझीफेच्या नवऱ्याच्या, बेकिरच्या शेताशी पाटाचं मातीचं दारं फुटलेलं होतं आणि सगळं पाणी त्याच्या टोमॅटोत शिरत होतं. बेकिर तिथंच होता, गुडघ्याएवढ्या चिखलात, दोन्ही हातांनी माती ओढत.

"चोर," दुरसून ओरडला. "पाणीचोर आहेस तू."

"दारं फुटलंय. दिसत नाही?"

"फुटलं की फोडलंस?"

बेकिर काहीतरी बोलला, पण ते कोणाला ऐकू आलं नाही. दुरसूनचा आवाज मात्र खाली गावात गेला. कॉफीच्या दुकानात त्या दिवशी घाटापलीकडचे पाहुणे बसले होते, नर्गिसच्या होणाऱ्या नवऱ्याचा बाप याकूप आणि त्याचा भाऊ. लग्नाच्या तयारीचं बोलायला आले होते. त्यांच्या हातात कप होते. ते दोघं एकमेकांकडं बघायला लागले.

वर दुरसून फावडं उगारून पुढं झाला. मारायला नाही, दारं बांधायलाच. पण पाटाचा काठ भिजून लोण्यासारखा झालेला. त्याचा पाय सरकला आणि एवढा मोठा माणूस पाटात बुडावर बसला. चिखल टोपीपर्यंत उडाला. बेकिर हसला. शेजारच्या शेतातले दोघेतिघे हसले असते तर चाललं असतं, बेकिर हसला. दुरसूनला उठता येईना, घोटा लचकला होता. बेकिर हात द्यायला पुढं आला तेव्हा दुरसूननं तो हात झिडकारला.

त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद झालं. पाणी दुपारपर्यंत जमिनीत मुरलं. एकाच्या मनात चोर हा शब्द राहिला, दुसऱ्याच्या मनात ते हसणं.

हाडवैद्यानं घोट्याला अंड्याचा बलक आणि साबण चोपडून फडकं आवळून बांधलं आणि पाय जमिनीला लावायचा नाही म्हणून सांगितलं. दुरसून खिडकीजवळच्या बैठकीवर पडला. शेताची पाळी झेलिहा धरायला लागली. पहाटे फावडं घेऊन जायची, उन्हं वर आली की परकराचा काठ चिखलानं जड करून परत यायची, म्हशीचं बघायची, भाकरी भाजायची. आणि मग लोकर.

लोकर धुवायची वेळ झाली होती. उन्हाळा संपला की पाणी गार होतं आणि लोकर वाळत नाही. झेलिहा पोतं डोक्यावर घेऊन ओढ्यावर गेली. ओढ्यात डबकी तेवढी राहिली होती, एकातून दुसऱ्यात नुसती ओल झिरपत होती. खालच्या डबक्यावर नाझीफे बसलेली. तीही लोकर बडवत होती, लेकीच्या गादीसाठी. लाकडी बडवण्याचा आवाज दगडांवर आपटून परत येत होता.

वरच्या डबक्यात झेलिहानं लोकर बुडवली असती तर सगळा मळ खाली नाझीफेकडं गेला असता. ती पोत्यावर बसून राहिली. नाझीफेनं एकदा वर पाहिलं, पुन्हा खाली पाहून बडवायला लागली.  ऊन पाठीवर चढलं. नाझीफेनं शेवटचा पुंजका पिळला, टोपली कमरेवर घेतली आणि निघाली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पण साबणाचा चांगला हाताएवढा तुकडा दगडावर तसाच ठेवून गेली.

झेलिहानं तो उचलला, हुंगला, आणि त्याच साबणानं लोकर धुतली.

लोकर गच्चीवर वाळली. मग झेलिहा दोन बारीक काठ्यांनी ती झोडायला बसली. एका काठीनं एक घाव, दुसरीनं दुसरा, पुंजके वर उडायचे आणि हलके होऊन खाली यायचे. तिच्या भुवयांवर, डोक्याच्या रुमालावर पांढरी लव बसली. खालून दुरसून ओरडायचा, "छप्पर पाडतेस का?" आणि थोड्या वेळानं, "पाणी दे." आणि आणखी थोड्या वेळानं, "माशी गेली नाही अजून."

त्याला काही काम नव्हतं. त्यांचा मुलगा दूर अदाना शहरात, कापडाच्या गिरणीत. दुरसूननं घरातल्या सगळ्या चाकूंना धार लावली. चुलीच्या चिमट्यालाही लावली.

दुलईचं कापड तयार झालं, लोकर भरली, उलटून सरळ केली, आणि झेलिहा खोलीच्या मधोमध ती पसरून बसली. समोर कोणी नव्हतं. तिनं बराच वेळ समोरच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. मग दुरसूनकडं पाहिलं.

"काय?" दुरसून म्हणाला.

"खाली ये."

"कशाला?"

"पाय लांब करून बसायचं आहे. तिथं पडतोस तसा इथं पड. हात चालव नुसते."

"मी दुलई शिवू?"

"पोती शिवतोस की."

"पोत्यात गहू असतो."

"यात लोकर आहे. ये."

तो भिंतीला धरून आला. बसताना कण्हला, जरा जास्तच. झेलिहानं त्याला लांब सुई दिली आणि त्याच्या मधल्या बोटात स्वतःचं शिवणाचं पितळी टोपण घातलं. ते पेरावरच अडकलं. मग त्यानं शेळीच्या चामड्याचा तुकडा बोटाला गुंडाळला.

"कोणासाठी आहे?" त्यानं विचारलं.

"थंडी वाजेल त्याच्यासाठी. टाका बारीक घे."

दुरसूनचा टाका पोत्याचाच पडला. लांब, घट्ट, वाकडा. पहिल्या दिवशी त्याला सुई इतक्या वेळा टोचली की तो अस्तरावर रक्त पडू नये म्हणून बोट तोंडात धरूनच बसला. तो झोपला की झेलिहा त्याचे टाके उसवून नवे घालायची. हे तिनं दोनदा केलं. तिसऱ्या दिवशी तो दुलईवर वाकला आणि म्हणाला, "माझे टाके कुठं गेले?"

"कुठले?"

"इथं होते. या पिवळ्या तुकड्यावरून गेले होते, मला चांगलं आठवतंय. हे माझे नाहीत. हे सरळ आहेत."

झेलिहानं दोरा दातानं तोडला.

"मी दिवसभर मान मोडून बसायचं आणि तू उसवायचंस? मग बसवलंस कशाला?"

तो खरोखरच दुखावला होता. त्यानंतर तिनं त्याच्या टाक्यांना हात लावला नाही. आणि त्याचं मन त्यात लागलं. सकाळी ती शेतावरून यायच्या आत तो सरपटत येऊन बसलेला असायचा. दोरा ओवता यायचा नाही, म्हणून पाचसहा सुया ओवून ठेवायला सांगायचा. तुकड्यांवरून हात फिरवायचा. "हा हिरवा माझ्या आईचा," म्हणायचा. "हा कोणाचा, हा पट्ट्यापट्ट्यांचा?"

"तुझी विजार."

"ती हरवली म्हणालीस."

"सापडली."

त्यावर तो इतका हसला की सुई गळून पडली आणि दोघं अर्धा तास दुलईवर तळहात टेकवत ती शोधत बसले.

मुख्तार, म्हणजे गावचा पुढारी इस्मत, पाळ्यांमधला बदल सांगायला आला तो थेट दारातून आत. दुरसूनला चामड्याचं बोट लपवायला वेळ मिळाला नाही. इस्मतनं पाळीचं सांगितलं, चहा घेतला, पायाची चौकशी केली आणि शहाण्या माणसासारखा चेहरा ठेवून निघून गेला. तो चेहरा कॉफीच्या दुकानापर्यंतच टिकला.

पुढच्या शुक्रवारी दुरसून काठी टेकत पहिल्यांदा दुकानात गेला. तो बसला तशी कोणीतरी त्याच्यापुढं टेबलावर एक फाटकी टोपी ठेवली. दुसऱ्यानं बटण तुटलेलं जाकीट काढून टोपीवर ठेवलं. तिसरा म्हणाला, "माझ्या लेकीचं लग्न दोन वर्षांनी आहे, आत्ताच सांगून ठेवतो." कोपऱ्यातल्या टेबलावर बेकिर पाठ करून बसला होता. तो हसला नाही, पण त्यानं वळूनही पाहिलं नाही. दुरसूनचे कान लाल झाले. त्यानं कॉफी अर्धी तशीच टाकली आणि काठी आपटत घरी आला.

"मला नको ते," तो बैठकीवर पडत म्हणाला. "जन्मात पुन्हा सुईला हात लावणार नाही."

झेलिहा समोरचा टाका ओढत होती. तिनं मान हलवली. दुरसून भिंतीकडं तोंड करून पडला. थोड्या वेळानं वळला, कारण भिंतीत बघण्यासारखं काही नव्हतं. त्याची नजर दुलईवर गेली. झेलिहानं आता कडेचा भाग उलगडला होता, आजवर तो गुंडाळलेलाच होता. कोपऱ्याजवळ तपकिरी, जाड, रेघांचं मखमली कापड होतं, मध्ये झिजून टक्कल पडलेलं.

ते जाकीट दुरसूनला माहीत होतं. दहा हिवाळे बेकिरच्या अंगावर होतं ते. त्याच्या उजव्या खिशात भाजलेले हरभरे असायचे, आणि मेंढ्यांमागं हिंडताना दुरसून न विचारता त्या खिशात हात घालायचा.

"ही दुलई नर्गिसची आहे," तो म्हणाला.

"हो."

"त्याच्या पोरीची."

"हो."

"म्हणजे त्याच्यासाठी मी गावात हसं करून घेतलं."

"त्याच्यासाठी नाही. ती जन्मली तेव्हा खिंड बर्फानं भरलेली होती. सुईणीला खेचरावर बसवून कोणी आणलं? खेचर अडलं तर पाठीवर घेऊन कोण आला?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"पोरगी तीच आहे."

दुरसून बैठकीवरून हलला नाही. झेलिहाही त्याला ये म्हणाली नाही. तिनं आपल्या बाजूची ओळ संपवली, हात टेकवून उठली, दुलईला वळसा घालून पलीकडं गेली, खाली बसली आणि समोरच्या बाजूची ओळ घालायला लागली. ती संपली तशी उठली, वळसा घालून पुन्हा अलीकडं आली, बसली. उठताना तिचा गुडघा वाळक्या काटकीसारखा वाजायचा. बसताना ती दुलईवर पडू नये म्हणून एक हात हवेत धरायची. सकाळी तिनं शेताची पाळी धरली होती, पायांच्या भेगांतला चिखल अजून निघाला नव्हता.

दुसऱ्या दिवशीही तसंच. उठायची, वळसा घालायची, बसायची. दुरसून बैठकीवरून बघत होता. गुडघा वाजला की त्याचे दात आवळले जायचे.

दुपार कलली. झेलिहा उठायला म्हणून हात टेकवत होती.

"बस," दुरसून म्हणाला. "उठू नकोस."

तो उतरून आला, पाय लांब करून समोर बसला. चामडं बोटाला गुंडाळलं.

"सुई दे."

तिनं ओवून ठेवलेली सुई दिली. त्यानं टाका घातला, ओढला, आणि खाली बघतच म्हणाला, "त्या जाकिटावरून मी जाणार नाही. तिथं तू शिव."

"बरं."

पण ओळ सरळ पुढं गेली तेव्हा जाकीट त्याच्याच वाटेत आलं. तो क्षणभर थांबला. मग सुई खुपसली. कापड जाड होतं, तिथं त्याच्याच हाताचा जोर लागत होता.

अक्रोड उतरवून झाले. सगळ्यांची बोटं काळी झाली. लग्नाच्या आदल्या दिवशीच्या आदल्या दिवशी झेलिहानं दुलई पांढऱ्या चादरीत बांधली, डोक्यावर घेतली आणि ओढा ओलांडून गेली. नाझीफे अंगणात चुलीवर पातळ भाकऱ्या भाजत होती. तिनं झेलिहाला वाटेवरच पाहिलं असणार, कारण तव्यावरची भाकरी करपत होती आणि तिचं लक्ष नव्हतं.

"भाकरी," झेलिहा म्हणाली.

नाझीफेनं ती उलटली. "ठेव ते खाली. मान दुखेल."

आत नेऊन झेलिहानं गाठ सोडली. नर्गिस आली, गुडघ्यांवर बसली आणि एकेक तुकडा ओळखत गेली. आपल्या झबल्याचा तुकडा, शाळेचा काळा झगा, आजीचा रुमाल, नाझीफेची फुलाफुलांची सलवार. पोरगी हसत होती आणि नाक पुसत होती. नाझीफेनं मात्र तुकडे पाहिलेच नाहीत. तिनं दुलई उलटी केली आणि टाके पाहायला लागली. झेलिहाचे टाके तिला अंधारातही ओळखू आले असते. ती बोटानं चाचपत मधल्या रेघेपर्यंत आली आणि थांबली.

"हे टाके कोणाचे?"

"समोर बसलेल्याचे."

"समोर कोण बसलं?"

"तू नव्हतीस. मग घरात जो होता तो."

नाझीफेनं पुन्हा ते टाके पाहिले. एक बोटाएवढा लांब, दुसरा त्याच्यावर चढलेला, तिसरा वाट चुकून खाली गेलेला. तिनं रुमालाचं टोक दातांत धरलं. खांदे हलायला लागले. "हे दुरसूननं?" ती म्हणाली. "बसून? सुई घेऊन?" मग रुमाल सुटला आणि ती मोठ्यानं हसायला लागली, झेलिहाच्या खांद्यावर डोकं ठेवून. सगळ्या उन्हाळ्याचं साचलेलं बोलणं तिच्या तोंडून एकदम बाहेर पडायला लागलं, म्हैस, गादी, याकूपची बायको, तिची कंबर, सगळं एकात एक.

बेकिर गोठ्यातून आला तेव्हा दोघी भाकऱ्या विसरून बसल्या होत्या. त्यानं दुलई पाहिली. खाली वाकून आपल्या जाकिटाचा तुकडा पाहिला, त्यावरून गेलेले लांब वाकडे टाके पाहिले. अंगठा त्यांच्यावरून फिरवला. मग "भाकरी करपली" एवढंच म्हणून बाहेर गेला.

"काय म्हणाला?" झेलिहा घरी परतल्यावर दुरसूननं विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"भाकरी करपली म्हणाला."

दुसऱ्या दिवशी घाटापलीकडची मंडळी मुलीचं सामान बघायला आली. भिंतीच्या दोरीवर सगळं टांगलेलं, दुलई मधोमध. उन्हं जरा वर आली, तोच नर्गिस धापा टाकत दुरसूनच्या दारात उभी.

"दुरसूनकाका, दुलईचा कोपरा उसवलाय. बाबा म्हणाले, ज्याचे टाके त्यानंच येऊन घालावेत."

दुरसून ताडकन उठून बसला. "माझा टाका उसवला? शक्य नाही. मी गव्हाच्या पोत्याचा टाका घातलाय. तुझ्या या झेलिहामावशीचा उसवला असेल."

"तुमचाच आहे. वाकडा आहे."

झेलिहानं तोंड फिरवलं. दुरसूननं सुई सदऱ्याच्या कॉलरला खोवली, चामड्याचा तुकडा बोटाला गुंडाळला, काठी घेतली आणि निघाला. वाट कॉफीच्या दुकानावरून होती. सगळे बाहेर उन्हाला बसलेले.

"दुरसून, कुठं?"

"बेकिरकडं," तो न थांबता म्हणाला. "शिवणाचं काम निघालंय."

सगळ्यांच्या माना वळल्या. त्यांनी त्याला ओढ्यापर्यंत जाताना पाहिलं.

बेकिरच्या घरात याकूप आणि त्याचे लोक भिंतीला टेकून चहा पीत होते. बेकिर दारापाशी उभा होता. दुरसून आत आला, कोणाकडं न बघता दुलईजवळ गेला आणि कोपरा हातात घेतला. उजेडाकडं धरला. दोरा झिजलेला नव्हता, ओढून निघालेला नव्हता. सगळी टोकं नीट, एका लांबीची होती.

"हा कापलाय," दुरसून म्हणाला.

"उंदीर असेल," बेकिर म्हणाला.

"तुमच्या उंदराच्या चाकूला चांगली धार आहे."

बेकिर खाली बघायला लागला. त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

याकूपनं चहाचा पेला खाली ठेवला. त्याचा आवाज मऊ होता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. "पाटावर त्या दिवशी ओरडत होतात ते तुम्हीच का?"

दुरसूननं दुलई सोडली नाही. "मीच. शब्द चुकीचा होता. दारं फुटलं होतं. मागच्या वर्षी माझंही दोनदा फुटलं, तेव्हा यानंच बांधलं आणि मला सांगितलंही नाही. त्या दिवशी मी रागात होतो." त्यानं मान वर केली. "तुमच्या घरी मुलगी येते आहे ती चांगल्या माणसाची आहे. तिच्या जन्माला मी होतो, मला माहीत आहे."

याकूपनं मान डोलावली आणि पेला पुन्हा उचलला.

बेकिरनं दुलई दोरीवरून उतरवली. दोघांनी ती जमिनीवर पसरली. दुरसून काठीच्या आधारानं बसला, पाय लांब केला. समोरचा काठ कोणीतरी ताणून धरायला हवा होता. बेकिर त्याच्यासमोर मांडी घालून बसला.

"घट्ट धर," दुरसून म्हणाला. "सैल सोडलंस की लोकर गोळा होते."

"त्या दिवशी मी हसायला नको होतं," बेकिर हलकेच म्हणाला.

"तू पडला असतास तर मीही हसलो असतो. धर म्हणतोय ना."

थोड्या वेळानं बेकिर म्हणाला, "मला दे एक टाका."

"तुला जमणार नाही."

"तुला जमलं की."

दुरसूननं चामडं बोटावरून सोडून त्याच्या बोटाला गुंडाळलं. दाराशी नाझीफे आणि झेलिहा उभ्या होत्या. नाझीफे झेलिहाच्या कानात म्हणाली, "पहाटे खिशातला चाकू काढून कोपरा उसवत बसला होता. मी झोपेचं सोंग घेतलं."

"तुला कळलंय ते त्याला सांगू नकोस," झेलिहा म्हणाली.

आत बेकिरला सुई टोचली. पाण्याच्या पाळीचं काहीतरी निघालं, गुरुवार तू घे, शनिवार मी, आणि त्यावर वाद झाला तोही हातातलं काम न सोडता. याकूप पुढं सरकून बघायला लागला आणि सल्ले द्यायला लागला.

लग्न झालं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सगळ्या सामानावर दुलई ठेवून नर्गिस घाट चढून गेली.

त्या हिवाळ्यात बर्फ भरपूर पडलं. खिंड बंद व्हायच्या आधी घाट ओलांडून आलेल्या शेवटच्या माणसाबरोबर नर्गिसचा निरोप आला. दुलई फार उबदार आहे. फक्त पायथ्याच्या कोपऱ्याला वीतभर जागेतले टाके असे आहेत की रोज त्यांत तिच्या पायाचं बोट अडकतं. सासूबाई म्हणाल्या, उसवून नीट घालून देते. नर्गिसनं त्यांच्या हातातून दुलई काढून घेतली आणि म्हणाली, त्या कोपऱ्याला कोणी हात लावायचा नाही.